सनद आणि सुकट

तीन वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली. हिमोग्लोबिन आठच्या खाली. मी तेव्हा हैदराबादला पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात होतो. सुट्टीत घरी आलो आणि शिकलेल्या पोराने करावं तेच केलं. आईला गावातल्या उपकेंद्राच्या रांगेतून काढलं आणि शहरात 'चांगल्या ठिकाणी' नेलं. काचेचं दार, आत एसी, दारावर इंग्रजी पाटी. क्लिनिकल न्यूट्रिशनिस्ट. मला ती पाटी वाचता येत होती, याचाच मला केवढा अभिमान.

बाईंनी आईचं वजन केलं, उंची मोजली आणि छापील चार्ट हातात दिला. सकाळी ओट्स. अकरा वाजता बदामाचं दूध. दुपारी किन्वा. रात्री सूप आणि ऑलिव्ह ऑइल घातलेलं सॅलड. खाली ठळक अक्षरात सूचना: अंडी, मासे, मटण बंद, सात्त्विक आहार घ्यावा. आईने भीत भीत विचारलं, "बाई, सुकट चालंल का?" बाईंनी नाक मुरडलं. "त्याचा वास कसा सहन होतो तुम्हाला?" फी दीड हजार रुपये. आईची पाच दिवसांची खुरपणीची मजुरी.

आईने चार्ट पाळला. म्हणजे त्यातलं जेवढं तिच्या हातात होतं तेवढं पाळलं. ओट्स आणि किन्वा घरात यायची सोय नव्हती, ते आले नाहीत. अंडं, सुकट आणि महिन्यातून एकदोनदा होणारी कलेजी मात्र बंद करता येत होती, ती बंद झाली. उरली भाकरी, चटणी आणि चहा. दोन महिन्यांनी खुरपताना चक्कर येऊन ती बांधावर बसली.

मग माझी मावसबहीण आली. तिने बी.एस्सी. होम सायन्स तालुक्याच्या कॉलेजातून केलं, एम.एस्सी. दूरशिक्षणातून. एका खासगी रुग्णालयात ती चौदा हजारांवर कंत्राटी आहारतज्ज्ञ आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, घरात काय काय शिजतं?" मग एका वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं. भात कमी, भाकरी मोजून दीड. शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी. अंडं रोज एक. सुकट चालेल, आधी दोन पाण्यांतून काढून मीठ घालवायचं. कलेजी महिन्यातून दोनदा. जेवणावर लिंबू पिळायचं, चहा जेवणाबरोबर नाही, त्याने अंगाला लोह लागत नाही. उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आई म्हणाली, "हे तर मला जमंल." सहा महिन्यांत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं.

नंतर मी त्या काचेच्या दारामागच्या बाईंचं शिक्षण शोधलं. सहा आठवड्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स. त्या बाईंकडे पाटी होती. माझ्या बहिणीकडे दोन पदव्या होत्या, पाटी नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, "दादा, आपण पाटी लावली तर लोक आधी आडनाव वाचतील."

हा लेख तिच्या या एका वाक्याबद्दल आहे.

आपल्या देशात 'डॉक्टर' म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. 'ॲडव्होकेट' म्हणवून घ्यायला १९६१ च्या कायद्याखाली बार कौन्सिलची सनद लागते. पण 'डाएटिशियन' किंवा 'न्यूट्रिशनिस्ट' म्हणवून घ्यायला दशकानुदशकं काहीच लागत नव्हतं. इंडियन डाएटेटिक असोसिएशन १९६३ पासून आहे, तिची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही परीक्षाही आहे. पण ती व्यावसायिकांच्या संघटनेची ऐच्छिक नोंदणी. ती नसली म्हणून कोणाला पोलीस पकडत नव्हते.

२०२१ साली संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट केला. त्याच्या परिशिष्टात पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत आणि त्यांत पोषणशास्त्राचा गट आहे. डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट ही दोन्ही नावं त्यात आली. ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हे पदनाम कायद्याने राखलेलं आहे, 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र मोकळं आहे. आपल्या कायद्याने कागदावर तरी दोन्ही घेतली. हा कायदा 'हेल्थकेअर प्रोफेशनल'साठी किमान ३,६०० तासांचं पदवी शिक्षण मागतो. केंद्रीय आणि राज्य नोंदवही असणार. नोंद नसताना पदनाम वापरलं तर दंड, पुन्हा सापडलं तर तुरुंगाचीही तरतूद.

कागदावर एवढं सगळं आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन करायच्या होत्या. त्या इतक्या रेंगाळल्या की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून बजावावं लागलं. तोवर सहा आठवडेवाल्या पाट्या लागतच होत्या.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यातले बरेच जण म्हणतील की पदनामाचं काय एवढं? कोण स्वतःला काय म्हणवतो त्याने काय फरक पडतो? विद्यापीठातल्या एका मित्राने तर मला सुनावलं की परवाना म्हणजे नवी मुंज, आपण असल्या कुंपणांच्या विरोधातच असायला हवं. मी त्याच्याशी रात्रभर भांडलो. माझं म्हणणं साधं आहे. पदनाम मोकळं असतं तेव्हा बाजार मोकळा नसतो. तेव्हा बाजार जातीवर चालतो.

विचार करा. नोंदवही नाही, परवाना नाही, तर रुग्ण सल्लागार कसा निवडणार? दाराची काच बघून, इंग्रजी ऐकून, कातडीचा रंग बघून. सोसायटीतल्या ओळखीतून, किटी पार्टीतून, नवऱ्याच्या डॉक्टर मित्राच्या शिफारशीतून. आणि आडनावावरून. ज्यांच्याकडे हे सगळं आजोबांपासून आहे, त्यांना पदवी नसली तरी चालतं. सहा आठवड्यांचा कोर्स त्यांना पुरतो, कारण बाकीचं सर्टिफिकेट जन्मानेच मिळालेलं असतं. आपल्याकडे यातलं काय आहे? आपल्याकडे मार्कशीट आहे. पहिल्या पिढीच्या पदवीधराची सगळी इस्टेट एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये मावते. त्या फाइलमधल्या कागदाला कायद्याने किंमत दिली तरच आपण बाजारात उभे राहू शकतो. म्हणून पदनामाचं संरक्षण ही चोखंदळ मध्यमवर्गाची मागणी समजू नका. ती आपली मागणी आहे.

जातिव्यवस्थेत पदनामं पहिल्यापासून राखीवच होती. शास्त्री, पंडित, वैद्य ही नावं लावायला कोणी परीक्षा विचारत नव्हतं, घराणं विचारत होतं. गावातली सुईण शेकडो बाळंतपणं करायची, हातात विद्या असायची, पण तिला कोणी वैद्य म्हटलं नाही. तिचं ज्ञान 'काम' ठरलं आणि कामाला विटाळ चिकटला. आधुनिक कायदा पहिल्यांदा असं म्हणतो की नाव शिक्षणाने मिळेल. हे वाक्य आपल्यासाठी लहान नाही.

१९२३ साली बाबासाहेब लंडनहून परतले. ग्रेज इनचे बॅरिस्टर. पण मुंबईत वकिली करायला सनद काढावी लागते आणि त्या सनदेचे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. नवल भथेना या मित्राने मदत केली तेव्हा ती मिळाली. सनद मिळाल्यावरही सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला तयार नव्हते. तरीही त्या सनदेमुळे एक गोष्ट झाली. कोर्टात उभं राहण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारू शकलं नाही. गाव पाणवठ्यावर अडवू शकत होतं, सनद असलेल्या वकिलाला न्यायाधीशासमोर कोण अडवणार?

या प्रसंगात दोन धडे आहेत आणि आपण नेहमी पहिलाच सांगतो. पहिला असा की सनदेत ताकद आहे. दुसरा असा की सनदेच्या फीमध्ये जात लपलेली असते. तेव्हा मित्र मदतीला आला नसता तर लंडनच्या पदव्या ट्रंकेत पडून राहिल्या असत्या. ज्यांना भथेना भेटले नाहीत अशांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आहारतज्ज्ञांच्या नव्या कायद्याबाबत मला हा दुसरा धडा आज जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण दार बांधायला सुरुवात झाली आहे आणि चौकटीची मापं आपल्याला न विचारता घेतली जात आहेत.

जुलै २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलं की या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. मानसशास्त्र, फूड अँड न्यूट्रिशन सायन्स, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, सगळे बंद. कारण पटण्यासारखं आहे. रुग्णाला हात न लावता, वॉर्डात न फिरता आहारतज्ज्ञ होऊ नये, हे मीही मान्य करतो. माझ्या आईला ऑनलाइन सर्टिफिकेटनेच बांधावर बसवलं होतं.

पण सहा आठवड्यांचं खासगी सर्टिफिकेट आणि दोन वर्षांचं मुक्त विद्यापीठाचं एम.एस्सी. एकाच टोपलीत कसं टाकता? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा डाएटेटिक्स अँड फूड सर्व्हिस मॅनेजमेंटचा एम.एस्सी. कोण करत होतं? शहरात वसतिगृहाचं भाडं न परवडणाऱ्या मुली. लग्न होऊन सासरी गेलेल्या. दिवसा नोकरी करून रात्री असाइनमेंट लिहिणाऱ्या. माझी बहीण त्यांतलीच. दार बंद केलं, ठीक आहे. मग बाजूला दुसरं दार कुठे आहे? थिअरी घरून आणि प्रात्यक्षिक जिल्हा रुग्णालयात, अशी रचना अशक्य आहे का? प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा रुग्णालय आहे, कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. तिथे शिकवायला आजार कमी पडणार आहेत का?

विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलेजांत हा विषय मुलींना बी.ए.त 'होम इकॉनॉमिक्स' म्हणून मिळतो. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शाखा नसते, असली तर प्रयोगशाळेला कुलूप असतं. मुलगी आर्ट्सला जाते आणि तिला आहार, पोषण, बालविकास शिकवलं जातं. उद्या तिला सांगणार की बाई, तुझं ते शास्त्र नव्हे. मग तीन वर्षं तिला काय शिकवलं? स्वयंपाक?

आणि इंटर्नशिप. रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेआधी रुग्णालयात सहा महिने काम करावं लागतं. माझ्या बहिणीला ज्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळत होती तिथे विद्यावेतन शून्य. शहरात राहणं, खाणं, प्रवास स्वतःचा. सहा महिने फुकट काम कोण करू शकतं? ज्याच्या बापाचा त्या शहरात फ्लॅट आहे तो. बहिणीने परीक्षा दिलीच नाही. गुणवत्तेच्या कुठल्याही चाचणीत ती नापास झालेली नाही. घरभाड्याच्या चाचणीत नापास झाली. ही चाचणी कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

आता कायद्याच्या पलीकडच्या गोष्टीकडे येऊ. कायदा नाव राखतो. त्या नावाने काय बोललं जातं, ते राखत नाही. माझ्या आईला मांसाहार सोडायला सांगणाऱ्या बाई उद्या पाटी बदलतील. 'वेलनेस कोच', 'हेल्थ मेंटॉर', 'लाइफस्टाइल गुरू'. यांतलं एकही नाव परिशिष्टात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पात्रता असेल तर जाहीर करा, नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मोबाइल उघडून बघा, किती जण सांगतात.

पण भोंदूंना झोडपून थांबणं सोपं आहे. मला बोलायचं आहे ते पदवीधारकांबद्दल. कर्नाटकात २०२२ साली नव्या शैक्षणिक धोरणासाठी आरोग्यावर भूमिकापत्र तयार झालं. ते कोणा बुवाने लिहिलं नव्हतं, तज्ज्ञांच्या समितीने लिहिलं होतं. त्यात शाळेच्या जेवणात अंडी आणि मांस नको अशी शिफारस होती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की अंड्यासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. म्हणजे ज्या वस्तीतल्या लेकरांना अंड्याची गरज आहे, त्याच वस्तीने वर्गणी काढायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली आणि २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने रोडावलेली. देशाच्या आकड्यांत जात बघितली तर चित्र स्वच्छ दिसतं. खुजेपणा अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के, अनुसूचित जातींत सुमारे ३९, आणि ज्यांना पाहणी 'इतर' म्हणते त्यांच्यात सुमारे ३०. भूक जात विचारून येते. तिच्यावरचं औषध मात्र एकाच जातीच्या स्वयंपाकघरातून लिहून दिलं जातं.

हे कसं झालं? १९३२ साली दिल्लीत अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने लेडी आयर्विन कॉलेज उघडलं. होम सायन्स नावाची शाखा आपल्याकडे रुजली त्यातलं ते एक महत्त्वाचं ठिकाण. मुली शिकल्या हे चांगलंच झालं. पण त्या शाखेच्या डोळ्यांसमोरची 'आदर्श गृहिणी' कोण होती? तिच्या ओट्यावर वजडी धुतली जात होती का? रकती शिजत होती का? चान्या वाळत होत्या का? शाहू पाटोळे यांना २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या दलितांचं अन्न नोंदवावं लागलं, कारण पाककलेच्या पुस्तकांत ते कोणी नोंदवलेलं नव्हतं. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत पोचला आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रोटीन गुन्हा झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या कोष्टकात मांसाचं पोषणमूल्य आजही छापलेलं आहे. शास्त्राला त्याचा वास येत नाही. नाक मुरडतो तो शास्त्र शिकलेला माणूस.

शाळेत जेवण शिजवणाऱ्या हातांची जात लगेच विचारली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडमधल्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचं खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिची नोकरी गेली, हे देशाने पाहिलं. अन्नाबद्दल सल्ला देणाऱ्या तोंडाची जात मात्र कोणी विचारत नाही. ती 'तज्ज्ञ' असते.

पदनामाचा प्रश्न इथे आणखी एका दारापाशी जाऊन थांबतो. तो म्हणजे अंगणवाडी. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन कोण करतं? दंडाचा घेर कोण मोजतं? गरोदर बाईच्या घरी जाऊन तिला काय खायचं ते कोण सांगतं? या बायकांना सरकारने काय नाव दिलं? सेविका. मदतनीस. पगाराला काय नाव दिलं? मानधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंना पुन्हा संपावर जावं लागलं. एकीकडे सरकार 'डाएटिशियन' हे नाव चोरणाऱ्याला शिक्षा करायला निघालं आहे. दुसरीकडे देशातलं सर्वात मोठं पोषणाचं काम करणाऱ्या बायकांना 'कर्मचारी' हे साधं नाव द्यायला तयार नाही. नाव राखणं ज्यांना इतकं महत्त्वाचं वाटतं, त्यांनी नाव नाकारण्याचाही हिशेब द्यावा.

तर मग करायचं काय? कायदा जाळायचा का? नाही. कायदा आपला करायचा. मागण्या मोघम ठेवून चालणार नाही, म्हणून मोजून सांगतो.

इंटर्नशिपला विद्यावेतन सक्तीचं करा. विद्यावेतन न देणाऱ्या रुग्णालयाला प्रशिक्षणाची मान्यता देऊ नका. परीक्षा आणि नोंदणीची फी अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या उमेदवारांना माफ करा. शंभर वर्षांनंतरही सनदेसाठी मित्राकडे हात पसरावा लागू नये.

मुक्त विद्यापीठातून आणि होम इकॉनॉमिक्समधून आधीच पदव्या घेतलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालयांत ब्रिज कोर्स सुरू करा. कायदा येण्याआधीपासून सेवा देणाऱ्यांना नोंदणीची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. ती वाट मोठ्या रुग्णालयांच्या दाखल्यांपुरती अरुंद करू नका. चौदा हजारांवर राबणाऱ्या मुलीला अनुभवाचा दाखला द्यायला मालक टाळाटाळ करतो, हे लक्षात ठेवून नियम करा.

राज्य परिषदेने राखीव पदनामांची यादी मराठीत जाहीर करावी. आमचे आईबाप 'डाएटिशियन' वाचत नाहीत, 'आहारतज्ज्ञ', 'पोषणतज्ज्ञ' आणि 'आहार सल्लागार' वाचतात. इंग्रजी नाव राखलं आणि मराठी नाव मोकाट सोडलं तर फसवणूक फक्त गरिबांची होईल. नोंदवही फोनवर, मराठीत, कोणालाही बघता यावी.

नोंदवहीत सामाजिक प्रवर्गाची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करा. देशाच्या पोटाबद्दल बोलणाऱ्यांत आपण किती आहोत, हे आम्हाला कळलं पाहिजे.

अभ्यासक्रमात आमचं ताट आलं पाहिजे. सुकट, वजडी, खेकडे, रानभाज्या, महुआ यांची पोषणमूल्यं आणि त्यांवर आधारलेला आहार लिहिता येत नसेल, तर त्या पदवीधराला या देशात आहारतज्ज्ञ म्हणू नये. आणि व्रतवैकल्याला वैद्यकीय सल्ला म्हणून विकणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानावा, विकणारा नोंदणीकृत असला तरी.

हे वाचणाऱ्यांत होम सायन्सच्या, न्यूट्रिशनच्या मुली असतील. त्यांना भाऊ म्हणून एवढंच सांगतो. नोंदणीची प्रक्रिया आपल्यासाठी नाही असं समजून बाजूला बसू नका. राज्य परिषदेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. मसुद्यांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा हरकती पाठवा, मराठीत पाठवा, गटाने पाठवा. प्रवेशपत्रं, गुणपत्रकं, पगाराच्या स्लिपा, हजेरीचे कागद सगळं जपून ठेवा. आपल्या माणसांना कागदाने फार छळलं आहे. आता तोच कागद कामाला लावायचा आहे.

माझी चूकही इथे नोंदवतो. त्या दिवशी आईला त्या काचेच्या दारातून आत नेणारा मीच होतो. समाजशास्त्र शिकवणारा, जातीवर प्रबंध लिहिणारा मी, इंग्रजी पाटी बघून भुललो आणि घरातल्या दोन पदव्यांकडे माझं लक्षही गेलं नाही. आपल्याच माणसाच्या शिक्षणावर आपण विश्वास ठेवत नाही, हाही जातीचाच विजय आहे.

बहिणीने आता ब्रिज कोर्स सुरू झाला तर अर्ज करायचं ठरवलं आहे. मी तिला म्हणालो, नोंदणी झाली की पाटी मी रंगवून आणतो. पूर्ण नाव, आडनावासकट. आई म्हणाली, "आन् खाली लिही, सुकट चालंल."